वाचनालयात एक टेबल हातांसाठी

गेल्या उन्हाळ्यात दुपारची मी ओसरीत एक पुठ्ठा घेऊन बसले होते. कूलरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, त्यावर चाळलेली काळी माती, गव्हाचा भुसा आणि फेविकॉल यांचा लगदा थापलेला. एका कडेला जुन्या इरकलीचा काठ, मधे लग्नपत्रिकांचे सोनेरी-लाल तुकडे. शेजारच्या काकू आल्या, उभ्याउभ्याच पाहत राहिल्या. "काय करायलीस बाई हे?" म्हणाल्या. मी सांगितले, शेताचे चित्र करतेय. "चांगलं व्हायलंय की," म्हणाल्या आणि त्याच दमात पुढचा प्रश्न, "किती येतेत ह्याचे?"

हा प्रश्न मला नवा नाही. गेली बारा-तेरा वर्षे मी कापड, कागद, माती, दोरा, पत्रा, वाळकी पाने असे जे हाती लागेल ते एकत्र आणून चित्रे करते. शहरातली मुले याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. या काळात हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, बँकेतल्या ओळखीच्यांनी विचारला, एकदा तर भर मेळाव्यात व्यासपीठावरून विचारला गेला. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मी जाणते. मराठवाड्यासारख्या ज्या भागात दोन नक्षत्रे कोरडी गेली की वर्षभराचे गणित कोलमडते, तिथे कुणी दोन तास हात गुंतवून बसले तर त्यातून घरात काय आले, हे विचारणे ही काळजीच असते. पण काकू स्वतः रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. त्याचे किती येतात, असे त्यांना कुणी विचारत नाही. माझे वडील आयुष्यभर कादंबऱ्या वाचत आले, त्यांनाही कुणी विचारले नाही. हाताने काही केले की मात्र ते विकले गेलेच पाहिजे, नाहीतर वेळ वाया गेला, हे आपण धरूनच चालतो. हे मला मान्य नाही. ही समजूत नुसती घरातच असती तर मी लिहायलाही बसले नसते. ती सरकारी कागदांत आणि शाळेच्या वेळापत्रकातही जाऊन बसली आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. वाचनाला आपण सार्वजनिक गोष्ट मानले. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता घेतात आणि त्यांना सरकारी अनुदान मिळते. ते देताना वाचकांनी वाचून किती कमावले, हे कुणी विचारत नाही. वाचणारी माणसे गावात असावीत, एवढे कारण आपल्याला पुरले. मग हाताने घडवणारी माणसे असावीत, हे कारण का पुरू नये? त्यासाठी नवी इमारत नको, नवे महामंडळ नको. जे वाचनालय आहे त्यातच एक मोठे टेबल, चार कात्र्या, सुया, डिंक, रंग, आणि तिथे बसायला कुणालाही मुभा.

"हे शहरातले चोचले आहेत," असे एका जाणत्या गृहस्थांनी मला सुनावले होते. त्यांना मी मातीची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते.

पहिल्यांदा मी पुठ्ठ्यावर नुसती काळी माती फेविकॉलमध्ये कालवून लावली होती. दोन दिवसांत तिला अशा भेगा पडल्या की जणू मे महिन्यातले रानच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. रानात जे होते तेच पुठ्ठ्यावर झाले. दुसऱ्यांदा थर पातळ केला, तरी भेगा. तिसऱ्यांदा फेविकॉल वाढवला, तर सगळा पुठ्ठाच द्रोणासारखा वाकला. आई हे सगळे पलंगावरून पाहत होती. शेवटी म्हणाली, "अगं, भुसा घाल की त्यात. नुसती माती कुणी भिंतीला लावतं का?" आमचे जुने घर माळवदाचे. दर दोन-तीन वर्षांनी भिंती लिंपायच्या, तेव्हा माती दोन दिवस भिजत घालायची, पायांनी तुडवायची, त्यात भुसा आणि शेण मिसळायचे. हे सगळे मी लहानपणी पाहिलेले, आणि पुठ्ठा हातात घेतल्यावर साफ विसरलेले. मग एक वाटी चाळलेली माती, अर्धी वाटी बारीक भुसा, मूठभर वाळूची कच आणि पातळ केलेला फेविकॉल असे मिश्रण केले. पुठ्ठा वाकू नये म्हणून त्याच्या पाठीलाही जुने वर्तमानपत्र चिकटवले. त्या चित्राला आजतागायत भेग नाही.

पुढे काही महिन्यांनी अजिंठ्याला गेले. आधी तीन वेळा गेले होते, पण तेव्हा मी चित्रे पाहिली होती. या वेळी जिथे चित्र उडाले आहे ती जागा पाहिली. तिथे गिलावा उघडा पडला आहे आणि त्यात काड्या, तुसे अडकलेली दिसतात. कोरलेल्या खडकावर तुसे आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेली माती, तिच्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती रीत आहे. लाल आणि पिवळा मातीतूनच काढलेला, काळा काजळीचा, निळा मात्र लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या रोपाचे तंतू मिसळलेले आहेत, हे संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. माती, तूस, तंतू, चुना, दगड, काजळी, डिंक! मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले, की हे मिक्स्ड मीडिया नाही तर काय आहे? आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या हातांना ठाऊक असलेली युक्ती माझ्या आईला ठाऊक आहे, तर हा छंद शहरातून आला असे कसे म्हणायचे?

एकाच वस्तूवर समाधान न मानणे हा या मुलखाचा जुना स्वभाव आहे. हिमरू हे कापड विणताना सुती ताण्यावर रेशमी बाणा चालतो. किनखापाचा, म्हणजे भरजरी रेशमी कापडाचा थाट कमी पैशांत आणायची ती तोड आहे. बिदर आज कर्नाटकात आहे, पण निजामाच्या राज्यात ते आणि आपण एकाच घरात होतो. तिथली बिदरी म्हणजे जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकायची आणि बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून बाकीचा भाग काळाभोर करायचा. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी देवगिरीला आणली तेव्हा कागद करणारी माणसेही आली, अशी त्या गावाची कहाणी सांगतात. चिंध्यांचा लगदा करून त्यातून कागद उचलायचा, हे ते काम. आता ते करणारे हात फार थोडे उरले आहेत. पिकासोने १९१२ साली चित्रावर मेणकापड चिकटवले आणि भोवती चौकटीसारखा दोर गुंडाळला, त्याची कलेच्या इतिहासाने नोंद घेतली. घ्यायलाच हवी होती. आपल्या घरात जे चिकटवले गेले, शिवले गेले, त्याची नोंद आपणच घेतली नाही, एवढे माझे दुःख आहे.

माझ्याकडे आजीची एक वाकळ आहे. बहात्तरच्या दुष्काळातली. आजीचे गाव गंगाखेडजवळ. त्या वर्षी ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मजुरीबरोबर सुकडी मिळायची ती पदरात बांधून आणायची. काम बंद असेल त्या दिवशी ओसरीत वाकळ मांडायची. विरलेली लुगडी आणि आजोबांची धोतरे धुऊन एकावर एक पसरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि त्या कापडावरच बसून कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. उजव्या हातात सुई, डावा हात खाली, टोक बोटाला लागले की सुई वर. एका बोटाच्या अंतरावर टाक्यांच्या रांगा, आणि त्या सरळ नाहीत, जरा लाटेसारख्या. मांडीचा आकार त्यांच्यात उतरला आहे असे मला नेहमी वाटते. चारही कोपऱ्यांना तिने लाल खणाचे त्रिकोण लावले आहेत. पायथ्याच्या बाजूला एक हिरवा राघू आहे, कुणाच्यातरी झबल्याच्या कापडाचा. चोच लाल, डोळ्याच्या जागी काळ्या दोऱ्याची गाठ. वाकळ पांघरली की हा राघू पायांशी जातो, कुणाला दिसतसुद्धा नाही.

दुष्काळी भागात छंद कसला, असे जे म्हणतात त्यांना मला हा राघू दाखवायचा असतो. उबेला राघू लागत नाही. त्रिकोणही लागत नाहीत. दिवसभर दगड फोडून आलेल्या बाईने, घरात धान्य मोजून काढले जात असताना, डोळ्याची ती गाठ घातली. तिला त्याचे काहीही येणार नव्हते. पाणीटंचाई, कर्ज, पिकाचा भाव हे प्रश्न आधी सोडवा आणि मग छंदांचे बोला, असे मला सांगितले जाते. ते प्रश्न सोडवलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आम्ही पाहिले आहेत. पण त्या दिवसांतही माणसे वाचत होती, गात होती, हरिनाम सप्ताह होत होते. संकट सरेपर्यंत मनाने थांबून राहावे, अशी अट आपण भजनाला घालत नाही. सुईदोऱ्यालाही घालू नये.

रुखवताचे काय झाले ते पाहा. माझ्या आत्याच्या लग्नातले रुखवत मला स्पष्ट आठवते. खडूंचे देऊळ, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, साबणाच्या वडीला टाचण्या टोचून रिबिनीने विणलेली टोपली, काचेमागे डाळ-तांदळाचा गणपती, क्रोशाचे रुमाल, मण्यांचे तोरण, बांगड्यांच्या काचांचा मोर. वर्षभर दुपारी आत्या आणि तिच्या मैत्रिणी ते करत होत्या. मांडवात त्या टेबलाभोवती बायकांची ही गर्दी! कुणी केले, कसे केले, टाचण्या गंजल्या नाहीत का, असे प्रश्न. त्यात सासरच्या लोकांना दाखवायचा सोस होता, मुलीचे गुण मोजायची सवय होती, आणि ती सवय गेली हे बरेच झाले. पण त्याबरोबर ते टेबलही गेले. आज रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते. सकाळी येते, संध्याकाळी परत जाते. गावातल्या बायकांच्या हातचे काम चारचौघांत मांडले जाण्याची ती जवळपास एकच जागा होती. महालक्ष्म्यांच्या आरासीत थोडे उरले आहे. २०१८ला थर्माकोल बंद झाले तेव्हा मला फार आशा वाटली होती, की आता पुन्हा पुठ्ठा, कापड, ज्वारीची धाटे बाहेर येतील. काही घरांत आलीही. बहुतेक घरांत प्लास्टिकची फुले आली.

मग सरकार काहीच करत नाही का? करते, पण हाताकडे पाहण्याची त्याची एकच रीत आहे. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना कुंभार, सुतार, टोपल्या विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे अशा १८ व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचे कर्ज देते. ज्याचे पोट या कामावर आहे त्याला हे मिळालेच पाहिजे आणि वेळेवर मिळाले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. जिचे पोट त्यावर नाही, जिला फक्त करायचे आहे, तिलाही आपण त्याच साच्यात कोंबतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बायकांसाठी तीन दिवसांचे हस्तकलेचे प्रशिक्षण झाले. मीही गेले होते. चाळीसेक बायका. प्रत्येकीला मोत्यांच्या तोरणाची एकसारखी पिशवी दिली. मोती, तार, जरीची लेस, सगळे मोजून भरलेले. तीन दिवस सगळ्यांनी एकच तोरण केले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मोत्यांचा क्रम बदलून मधे निळा घेतला, तर तिला तो उसवायला लावला, कारण माल एकसारखा हवा. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे, फोटो, आणि बाजारपेठ मिळवून देऊ असे आश्वासन. बायकांनी घरचे पैसे घालून सामान आणले. दिवाळीत बाजारात तसलीच कारखान्यातली तोरणे पाव किमतीत लागली होती. ती निळा मोती घेणारी बाई आधी घरच्या चिंध्यांची बैल, मोर, हत्ती अशी चित्रे करायची. तिच्याकडे मी ती पाहिलेली. वर्षभराने भेटली तेव्हा पोत्यात पंचवीस तोरणे पडून होती. हत्ती-मोरांचे विचारले तर म्हणाली, "बाई, आता सुई हातात घ्यावीच वाटंना." ज्यात तिला रस होता तेही गेले. त्या तीन दिवसांचा अहवाल मात्र चाळीस महिला प्रशिक्षित असाच गेला असणार.

हे असे का होते, याच्या मुळाशी मला दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही बोलायला अवघड आहेत. पहिली जात. आपल्याकडे हाताचे काम जातीला बांधलेले होते. माती कुणी मळायची, चामडे कुणी शिवायचे, बांबू कुणी सोलायचा, हे जन्माने ठरे, आणि ज्यांनी ते केले त्यांना आपण खाली बसवले. त्यामुळे शिकल्या-सवरल्या घरात मूल मातीत हात घालू लागले की "शिकून हेच करायचं का?" हे वाक्य आपोआप येते. आणि ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ते काम सक्तीने केले, त्यांना ते सोडून दूर जावेसे वाटते, तेही अगदी रास्त आहे. म्हणूनच आवड म्हणून केलेल्या हस्तकलेला मी एवढे महत्त्व देते. कुणाही घरातले मूल, कुणाही मुलाशेजारी बसून, कुणी सांगितले म्हणून नव्हे तर वाटले म्हणून चामड्याला टोचा मारते, तेव्हा त्या कामाला चिकटलेला जन्माचा शिक्का थोडा पुसट होतो. घरात बसून हे होणार नाही. त्यासाठी सगळ्यांची मिळून असलेली जागा लागते.

दुसरी गोष्ट, मुलगे. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगे मातीचे बैल करतात, पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात, गोंडे ओवतात. झूल सजवताना तासन्‌तास गुंतलेले मोठे गडीसुद्धा मी पाहिले आहेत. पण सुई हातात धरली की कुणीतरी हसते. मग ते हात मोकळे राहतात, आणि मोकळ्या हातात आता फोन असतो.

शाळेने हे करायला हवे होते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत, पण सहावी ते आठवीत १००हून अधिक मुले असतील तरच. मराठवाड्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा एवढ्या मोठ्या नाहीत. म्हणजे गाव लहान, तर मुलाचे हात कायद्याच्या हिशेबातच नाहीत. कार्यानुभवाच्या तासाला गणित होते. प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुले ती देतात, आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकावे असे म्हटले आहे. कल्पना मला मनापासून आवडते. पण दहा दिवसांनी हात बसत नाही. अकराव्या दिवशी ते मूल कुठे जाणार?

इथे एक आक्षेप असा येईल, की आवड म्हणून करणारे खऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय देतील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण ते घडताना पाहिले आहे. घरखर्चाची चिंता नसलेल्या बाया आपल्या वेळेची किंमत शून्य धरून वस्तू विकतात, आणि मग कारागिराला त्याच भावात द्या म्हणतात. हे चूक आहे. विकायचे तर तासांचा हिशेब लावून विकावे, नाहीतर वाटून टाकावे. तांड्यावरच्या बायकांकडची आरशांची जुनी फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, विकत घेऊन, कापून तिच्या चौकटी करणे तर मला पाहवत नाही. टाका शिकायचा असेल तर त्या बाईला शिकवणी देऊन, तिच्या शेजारी बसून शिकावा. मी हिंगोलीकडच्या एका तांड्यावर असे चार दिवस बसले. एक आरसा कापडावर धरायला दोरा किती वेळा उभा-आडवा न्यावा लागतो हे बोटांना कळले, आणि तेव्हापासून भरतकामाच्या किमतीवर घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही. पैठणी एवढी महाग का, हे दुकानदाराने सांगून कुणाला पटत नाही. लहानशा मागावर वीतभर पट्टी स्वतः विणून पाहिली की पटते. कारागिराला चांगले गिऱ्हाईक हवे असेल, तर गावात हात चालवून पाहिलेली माणसे वाढू द्यायला हवीत.

चंडीगडचे नेकचंद रस्ते खात्यात नोकरीला होते. कामावरून सुटल्यावर फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा गोळा करून सरकारी जंगलात वर्षानुवर्षे गुपचूप पुतळे उभे करत राहिले. प्रकरण उघडकीला आले तेव्हा ते पाडून टाकता आले असते. त्याऐवजी त्यांना पगार दिला, मजूर दिले, आणि १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. एका माणसाच्या छंदाला सरकारने जागा दिली की काय होते, ते तिथे आजही लाखो माणसे पाहतात.

मी मागते आहे ते तर फक्त टेबल. आणि ते मी करून पाहिले आहे. आमच्या तालुक्याच्या गावी या उन्हाळ्याच्या सुटीत वाचनालयाच्या ओसरीवर दोन महिने टेबल मांडायची परवानगी मिळवली. शिंप्याकडच्या चिंध्या, लग्नसराईच्या पत्रिका, तुराट्या, ज्वारीची धाटे, रिकाम्या आगपेट्या, तुटक्या बांगड्या हे सगळे फुकट जमले. फवारणीच्या औषधाच्या डब्या आणि पाकिटांना हात लावायचा नाही, हा पहिला नियम. कात्र्या, सुया, डिंक, रंग, जाड कागद यांवर दोन महिन्यांत चार हजारांच्या आत खर्च झाला. दुपारी बायका यायच्या, चारनंतर मुले. आमचे वाचनालय म्हणजे सकाळी पेपर वाचणाऱ्या पुरुषांची जागा. पहिल्या दिवशी दोघीजणी पायरीखाली उभ्या राहून विचारत होत्या, "आत आलं तर चालंल का?" महिन्याभरात वीसेक येऊ लागल्या आणि त्यांतल्या पाचजणी पुस्तकांच्या सभासद झाल्या. पत्रिकांवरचा गणपती कापायला कुणी धजेना, म्हणून त्यांनी गणपतींची वेगळी पेटी केली आणि शेवटच्या आठवड्यात त्या सगळ्या गणपतींचा एक मोठा वड केला. दोनशेच्या वर गणपती, खोड धाटाच्या सालीचे.

एक म्हातारबाबा रोज पंख्याखाली येऊन बसायचे. आयुष्यभर सालगडी म्हणून राबलेले, अक्षर ओळख नाही. मुले धाटांशी झटत होती, तुकडे चिकटत नव्हते. बाबा उठून आले, एक धाट उचलले, दाताने त्याचे चिपाड सोलले, आतले पांढरे भेंड कापून दोन चाके केली, चिपाडाचे काटे करून ती आसाला टोचली. दहा मिनिटांत बैलगाडी, डिंकाचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती अकरा मुले होती.

तक्रारीही झाल्या. पेपरच्या टेबलावर डिंकाचे डाग पडले. एका मुलाने रद्दी समजून चालू अंकातले पान कापले. तो दोष माझा, मी रद्दीचा ढीग वेगळा ठेवायला हवा होता. शाळा उघडल्यावर समितीने टेबल उचलायला सांगितले. अनुदानाच्या तपासणीत पुस्तके, नियतकालिके, सभासद पाहतात, हे कुठल्या रकान्यात लिहायचे, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. म्हणून तो रकाना राज्याने वाढवावा. अनुदानित वाचनालयाने आठवड्यातून तीन दिवस हस्तकलेसाठी जागा आणि सामान ठेवले तर त्याचा खर्च मान्य व्हावा, एवढी एक ओळ नियमांत पुरेशी आहे. आणि त्या ओळीपुढे किती विक्री झाली, असा दुसरा रकाना असू नये.

समितीची पुढची बैठक पोळ्यानंतर आहे. दोन सभासद अनुकूल आहेत, एकांना डागांची काळजी आहे. त्यांच्यासाठी मी जुने रेक्झिन आणून ठेवले आहे. परवा बाबांनी बाजारात गाठून विचारले, "टेबल कवा मांडायलेत?" मी बैठकीचा दिवस सांगितला. "धाटं ठिवलीत मी बाजूला," म्हणाले, "गुरांना घालू दिली न्हाईत."